एकदिवसीय दीक्षा

ब्रिटनमध्ये मोटारसायकलीवर आरूढ होऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी सन १९९० पासून जे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण अमलात आहे, त्याचा थोर गुण असा की, त्यात अनुत्तीर्ण होण्याची तरतूदच नाही. ज्याला क्लच आणि गिअर यांचा समेट घडविता येत नाही, त्याचे प्रशिक्षण केवळ 'अपूर्ण' राहते. सकाळी मैदानात यंत्राची ओळख, दुपारी निदान दोन तास रहदारीत, सायंकाळी दाखला: मुंज झालेल्या बटूला संध्या पाठ करावयासही याहून अधिक अवधी मिळत असे. पुढे हा सतरा वर्षांचा दीक्षित, लाल 'एल' मिरवीत, १२५ सीसीपर्यंतच्या वाहनावर दोन वर्षे एकटाच संचार करण्यास मुखत्यार होतो. आणि मुदत संपताच, पूर्ण परवान्याच्या परीक्षेच्या वाटेस न जाता, तोच एक दिवस पुन्हा भरून नवा दाखला घेण्यास त्याला कोणी मज्जाव करीत नाही.

शिक्षकांना विचारावे, तर एक दिवस अपुरा आहे, याविषयी पुष्कळांचे मतैक्य आढळते; मात्र जो शिक्षक सदसद्विवेकबुद्धीस स्मरून 'उद्या पुन्हा या' म्हणतो, त्याचे गिऱ्हाईक अधिक आशावादी शिक्षकाकडे जाण्यास मोकळे असते, आणि विवेकाचा असा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हे कायद्याने कोठेच नमूद केलेले नाही. दाखला म्हणजे प्रावीण्य नव्हे, केवळ आरंभ, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. विमा कंपन्या तरुणांचा हप्ता आकारताना हे वचन अक्षरशः प्रमाण मानतात.