काट्यावरचा उजेड

जुन्या गाडीचे सगळे अवयव एकदम म्हातारे होत नाहीत. आधी दाराच्या काचा जड होतात, मग सीट बसते आणि केव्हातरी, कुणाच्या फारसं लक्षात न येता, मीटरमधले दिवे जातात. दिवसा त्यांचं काम नसतं. आणि रात्री, निदान आमच्या रस्त्यावर, चालवणाऱ्याचे डोळे मीटरकडे वळायला मोकळे नसतात. आमच्या जानेफळहून मेहकरकडे निघा की खामगावकडे, तुरीच्या वावरातून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप केव्हा डांबरीवर येऊन उभा राहील याचा नेम नाही. आपण किती वेगात होतो हे अशा वेळी काट्यावरून कळत नाही, नंतर बंपरवरून कळतं.

माझी गाडी मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी या गाडीची पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली आणि २०१४च्या जानेवारीत शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिली चारचाकी म्हणून हीच आली. तिच्या मीटरमध्ये पाहण्यासारखं फार काही नाहीच. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा आणि चार-सहा लाल-हिरवे ठिपके. एवढंही दिसेनासं झालं तरी गाडी चालते, आणि चालतेय म्हटल्यावर आपणही चालवून घेतो.

अंधाऱ्या मीटरची सवय होते. वेग कानाने कळायला लागतो. चौथ्या गिअरमध्ये डाव्या दाराचं पॅनल खडखडू लागलं की पन्नास झाले. खडखड थांबून त्याची एकसारखी भुणभुण सुरू झाली की साठ. पेट्रोलचं जरा अवघड, कारण ते आवाज करत नाही. त्यासाठी मागून एखादा ट्रक यावा लागतो. तो अप्पर मारतच राहिला की मागच्या काचेतून सगळा उजेड मीटरवर पडतो, आणि त्याला मनातल्या मनात शिव्या देता देता काटा कुठे आहे ते पाहून घेता येतं.

आमच्याकडच्या काळी-पिवळी जीपांमध्ये तर मीटर ही केवळ जागा असते. काटे शून्यावर पडून असतात आणि त्यांच्यावर ड्रायव्हरचा गमछा. पण त्याच डॅशबोर्डवर गजानन महाराजांची तसबीर असते आणि तिच्याभोवतीची निळी-लाल दिव्यांची माळ मात्र कधी बंद पडलेली मी पाहिली नाही. आषाढी करून परतणारी महाराजांची पालखी जानेफळवरूनच शेगावला जाते, तेव्हा या रस्त्यावर कोणता दिवा आधी दुरुस्त व्हायचा हे ठरलेलंच आहे. शिवाय ज्या जीपमध्ये ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर बसतो, तिथे वेगाचा आकडा नेमका कुणी पाहायचा?

स्वीडनच्या साब कंपनीने हा अंधार विकलासुद्धा. मूळची विमानं बनवणारी ही कंपनी. १९९०च्या दशकात तिने आपल्या मोटारींत एक बटण दिलं. ते दाबलं की वेगाचा काटा सोडून मीटरमधलं बाकी सगळं काळोखात जायचं, म्हणजे रात्री चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहावं. आपल्याकडे जे वयोमानाने फुकट मिळतं त्यासाठी तिकडे लोक पैसे मोजत होते. एक फरक होता, आणि तो बारीक नव्हता. त्या गाडीत पेट्रोल संपत आलं किंवा इंजिन तापलं, तर तेवढा भाग आपोआप उजळायचा. आपल्या अंधाराला ही अक्कल नाही. आपल्याकडे सगळं ठीक असेल तरी अंधार, आणि इंजिन जळायच्या बेतात असेल तरी तोच अंधार.

गावात ऑटो वायरमन आहे. त्याचं मुख्य काम ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचं. मोटारीची वायरिंग तो हौसेने बघतो. मीटरचे बल्ब म्हटल्यावर त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, बल्ब हाय दहा-वीस रुपयाचा. पन तिथलोक जायाची वाट लय दूरची हाय." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब त्याने एका वाक्यात मिटवला.

वाट खरंच दूरची होती. आधी मीटरवरची झापड. तिचे दिसणारे स्क्रू निघतात, न दिसणारा एक राहतोच. मग अख्खं मीटर मुठीत धरून ओढलं की बोटभर पुढे येऊन अडतं, कारण गिअरबॉक्सकडून आलेली वेगाची केबल त्याला मागून धरून असते. ती सोडवायला हात डॅशबोर्डच्या पोटात घालायचा आणि न दिसणारी एक पट्टी चाचपून दाबायची. वायरमनचा हात मनगटाशीच अडला. त्याच्या हाताखालच्या पोराचा हात मात्र सरळ गेला, आणि त्या दुकानात पोरगा कशासाठी ठेवलाय ते मला कळलं.

मीटर बाहेर आलं. पुढून गंभीर दिसणाऱ्या त्या वस्तूच्या पाठीला प्लास्टिकच्या पातळ कागदावर तांब्याच्या रेघा, आणि त्यांत जागोजागी काळे होल्डर. पाव फेरा दिला की होल्डर हातात येतो. त्यातला बल्ब करंगळीच्या नखाएवढा. त्याला पितळी टोपीदेखील नाही. नुसती काच आणि बाहेर दुमडलेल्या दोन तारा. दुकानात त्याला कॅपलेस म्हणतात. गेलेल्या बल्बांच्या काचा आतून काळ्या पडल्या होत्या. जळताना टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तिचा कण न् कण उडून काचेवर बसतो आणि अशी झिजत झिजत ती एक दिवस तुटते. काही बल्ब मात्र गेलेलेच नव्हते. त्यांच्या तारांवर नुसता गंज होता. वायरमनने पॉलिश पेपरने त्या घासल्या आणि बल्ब परत बसवले. पैसे लावले नाहीत, हेही नोंदवतो.

वायरमनच्या दुकानात एलईडीही होते. पोराचं मत एलईडीच्या बाजूने, त्यातही निळ्या. पण रात्री बाहेरच्या काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना पांढऱ्या-निळ्या उजेडाचा त्रास जास्त होतो, तांबड्या-पिवळ्याचा कमी. बीएमडब्ल्यू गाड्यांची मीटरं कित्येक वर्षं नारिंगी उजेडाची होती ती काही उगीच नव्हे. मी साधे पिवळे बल्ब घेतले. पोरगा माझ्यावर नाराज झाला.

एका बल्बाबाबत मात्र वायरमनने कुणाचंच मत विचारलं नाही. बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा. तिथे त्याने स्वतः तपासून तारेचाच बल्ब लावला. "बाकी दिवे नुस्ते सांगतेत, हा काम करते. हा गेला तं अल्टरनेटर उठत नाई." मला हे नवीन होतं. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं व्हायला सुरुवातीला थोडी वीज लागते, आणि ती बॅटरीकडून या दिव्यातूनच जाते. इंजिन फिरू लागलं, अल्टरनेटर स्वतः वीज करू लागला, की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब होतो आणि दिवा विझतो. बल्ब गेलेला असला तर ही वाटच तुटते. मग गाडी चालत राहते, बॅटरी भरत नाही, आणि हे सांगायला जो दिवा आहे तोच गेलेला असतो. एलईडीतून जाणारी वीज इतकी थोडी की तेवढ्याने अल्टरनेटर जागा होईल याचा भरवसा नाही.

किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता, की लाल दिवे सगळे का लागतात तेही त्या दिवशी नीट समजलं. ती शाळेतली हजेरी असते. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, सगळ्यांनी एकदा "हजर" म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. ज्याने हजेरी दिली त्याच्याच गप्प राहण्यावर विश्वास ठेवायचा. इतके दिवस माझ्या गाडीत कुणीच काही बोलत नव्हतं, आणि मी त्याला शांतता समजत होतो.

त्याच आठवड्यात आमचे मामाजी, म्हणजे सासरे, यांना घेऊन हिवरा आश्रमाहून रात्री परतत होतो. मामाजी या गाडीत कायम पुढे बसत आले आहेत आणि माझ्या चालवण्याबद्दल त्यांची आजवर तक्रार नव्हती. उलट "आमचे जवाई गाडी हळू चालवतेत" असं ते चारचौघांत सांगत. गाव सोडलं, दाराची भुणभुण नेहमीसारखी सुरू झाली. मामाजींनी पिवळ्या उजेडात उजळलेल्या मीटरकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"जवाईबापू, हा काटा साठाच्या वर हाय नं?"

हो म्हणालो.

"मंग हळू घ्या ना बाप्पा. पैले कसे चालवत होते तुमी!"