मुंग्या आल्या की उतरा

"सर, क्रॉस ट्रेनरवर वीस मिनिटं झाली की पायाची बोटं बधिर होतात."

"होतं सुरुवातीला. चालू ठेवा, सवय होईल."

हा संवाद कुठल्याही जिममध्ये ऐका. गल्लीतल्या तालमीशेजारच्या जिममध्ये ऐका, नाहीतर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. उत्तर तेच असतं आणि ते साफ चुकीचं आहे. स्नायूंना सवय होते, दमाला सवय होते. दाबली गेलेली नस सवय लावून घेत नाही. तिच्यावर रोज दाब पडत राहिला तर ती दुखावते. सांगणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने शिकून घ्यावं. तोवर ऐकणाऱ्याने मुकाट्याने मशीनवरून उतरावं.

असं होतं तरी का? रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलागणिक पाय उचलला जातो. एका पायाच्या चालीतला साधारण ४० टक्के वेळ तो जमिनीला टेकलेलाच नसतो. तेवढ्यात चवड्यावरचा भार उतरतो आणि नसा मोकळ्या होतात. क्रॉस ट्रेनरवर पाऊल अर्धा अर्धा तास पेडलवरून उठतच नाही. त्यात टाच किंचित वर, भार सगळा चवड्यावर. शेजारी व्यायाम करणाऱ्याच्या बुटाकडे एकदा नीट पाहा. पुढच्या जाळीदार कापडाला आतून उंचवटे येताना दिसतील. घसरू नये म्हणून त्याने बोटं आत वळवून बुटाचा तळ धरून ठेवलेला असतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा या दाबात सापडतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली नस सर्वांत जास्त. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तेव्हा क्रॉस ट्रेनर नव्हता. चवडा आवळणारे बूट मात्र होते आणि ते आजही आहेत.

बुटाच्या दुकानात नंबर विचारतात तो लांबीचा. रुंदीचं नाव कोणी काढत नाही. आपल्यापैकी कित्येकांचं बालपण चपलेत किंवा अनवाणी गेलं. अशा पायाचा चवडा रुंद असतो. मग नऊ नंबर आवळतो म्हणून दहा घेतला जातो. दहा लांबीला जास्त, म्हणून पाय आत सरकतो. सरकू नये म्हणून नाडी करकचून बांधली जाते. आणि नाडीच्या बरोबर खालून, घोट्यासमोरून पायाच्या पाठीवर उतरणारी नस जाते. अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्या बेचक्यातली संवेदना तिच्याकडे असते. बधिरपणा नेमका तिथेच येत असेल, तर आधी नाडी सोडून बघा. पण आपण काय करतो? तेलाने मालीश करतो, जेलचे सोल आणतो, कोणाच्या तरी सांगण्यावरून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

फुकटचे उपाय आधी करावेत. नाडी सैल करा. जिथे रुततं तिथली भोकांची जोडी सोडून पुढची ओवा. टाच पेडलवर टेकवा, बोटं पसरा. रेझिस्टन्स कमी करा. दर पाच-सात मिनिटांनी मशीन थांबवून दोन पावलं चाला. नवे बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि व्यायामातही सुजतो. घेताना व्यायामाचेच मोजे घालून, उभं राहून बघा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. एवढ्याने मुंग्या गेल्या तर विषय संपला. व्यायाम मात्र सोडू नका.

एवढं करूनही मुंग्या येतच राहिल्या, तर दुखणं बुटात नाही. ट्रेडमिलवर ताठ चालताना दोन्ही पाय जड आणि बधिर होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, सायकलवर काहीच त्रास होत नाही, असं असेल तर कमरेच्या मणक्यात नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर आधीच. पाऊल उचलता येईना, किंवा कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरता आली आणि लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आपल्याकडे दुखण्याला मान आहे, बधिरपणाला नाही. गुडघा दुखला की घरभर चर्चा होते, मलमं येतात, क्ष-किरण निघतो. पाय बधिर झाला तर "दुखत तर नाही ना?" म्हणून गोष्ट अंगावर काढली जाते. वास्तविक दुखणं माणसाला थांबवतं. बधिर पायाचा माणूस चालतच राहतो, आणि त्याचं नुकसानही चालूच राहतं.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणजे पायांच्या. बोटांपासून सुरू झालेली बधिरता मोजा चढावा तशी वर सरकते. मशीनवरून उतरल्यावरही ती जात नाही, रात्री अंथरुणात जळजळ होते. चालताना पायातली चप्पल मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. अशा पायाला बुटाचा टाका घासला, फोड आला, फुटला, तरी कळत नाही. मोज्यावरचा डाग पाहून कळतं. पाय कापावा लागण्याच्या कित्येक कहाण्यांची सुरुवात अशा न दुखलेल्या फोडानेच होते. आणि डॉक्टर याच रुग्णाला सांगतात, "व्यायाम करा." बरोबरच सांगतात. तो आज्ञाधारकपणे जिमला जातो, आणि तिथे त्याला सांगितलं जातं, "चालू ठेवा."

जिमवाल्यांनो, प्रवेश अर्जावर मधुमेहाची चौकट असते, तिच्यावर खूण झाली की पुढे काय करता? अशा सभासदाने व्यायामाआधी बुटात हात घालून खडा-टाका चाचपावा आणि नंतर तळपाय पाहावेत, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. लाखाचं मशीन आणणाऱ्या सोसायट्यांनी ते कसं वापरायचं हे दाखवणाऱ्या माणसावरही थोडा खर्च करावा.

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. नायलॉनचा एक तंतू असतो, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा. तो तळपायाला टेकवायचा आणि कळतंय का विचारायचं. दोन मिनिटांचं काम. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, त्यानेही पाय बधिर होतात, आणि शाकाहारी रुग्णात तर हमखास तपासावं. इंजेक्शन त्या तपासणीनंतर. पण साखरेचा रिपोर्ट वाचून, गोळी वाढवून रुग्णाला वाटेला लावण्याच्या घाईत पायाकडे बघायचं राहून जातं.

म्हणून वाचकहो, ही जबाबदारी आता तुमची. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की खुर्चीत बसताक्षणी बूट-मोजे काढा आणि पाय पुढे करा. डॉक्टरांनी सांगण्याची वाट पाहू नका.