पलंग तेवढा फिरवा, मालक

मा. हॉटेलमालक यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, हर्णैजवळच्या तुमच्या हॉटेलात आम्ही दोन रात्री राहिलो. ‘सी-व्ह्यू’ खोली म्हणून तुम्ही रात्रीमागे हजार रुपये जास्त लावलेत. आम्ही ते कुरकुर न करता दिले आणि तुम्ही आम्हाला समुद्राकडे डोकं करून झोपवलंत. तुमचं नाव इथे लिहीत नाही. कोकणात, महाबळेश्वरात, गोव्यात अशीच खोली मांडणारे पुष्कळ आहेत. ज्याला ज्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते आपल्याच नावे आलंय असं समजावं.

गुन्हा काय, ते नीट सांगते.

तुमच्या खोलीला पश्चिमेकडे भलीमोठी खिडकी आहे. खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं असलेला, १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांकडून काढून घेतलेला हा किल्ला. चहूबाजूंनी पाणी आणि मधे काळी तटबंदी. हे बघायला माणसं मुंबई-पुण्याहून घाट उतरून, कंबरडं मोडून घेत येतात. त्याच खिडकीखाली तुम्ही पलंगाचं डोकं टेकवलंत आणि समोरच्या भिंतीवर, बाथरूमच्या दाराला लागून, ४३ इंची टीव्ही टांगलात. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातलं की तो आपोआप सुरू होतो. पडद्यावर तुमच्याच हॉटेलाची जाहिरात येते. जाहिरातीत समुद्रकिनारा आणि सूर्यास्त.

सामान घेऊन आलेल्या पोराने बॅगा ठेवल्या आणि पहिलं काम केलं ते खिडकीचे जाड पडदे ओढून घेण्याचं. मी म्हटलं, “अरे, राहू देत उघडे.” तो म्हणाला, “ताई, काचेवर उजेड पडतो. टीव्ही नीट दिसत नाही.” पोराचा दोष नाही. त्याला तसं शिकवलंय आणि शिकवणारे तुम्ही आहात. टीव्ही दिसावा म्हणून समुद्र झाकायचा, हा तुमच्या हॉटेलाचा नियम आहे.

माझी आठ वर्षांची मुलगी बूट न काढताच पलंगावर बसली होती. तासाभरापूर्वी गाडीत ती ‘पाण्यात कधी जायचं’ म्हणून जीव खात होती. आता तिची नजर त्या पडद्यावरून हलेना. तिने टीव्ही मागितला नव्हता, लावलाही नव्हता. तो लागलेला होता.

“गिऱ्हाईक टीव्ही बघतंच की,” असं तुम्ही म्हणाल. बघणारच! पलंग त्याच्याकडे तोंड करून, आणि बसायला दुसरी जागा नाही. बाल्कनी आहे, पण तिथे खुर्ची नाही. तिथे एसीचं मशीन बसवलंय. पुस्तक वाचावं तर उशाशी दिवा नाही, छताला एक पांढरी ट्यूब. समुद्रातून आल्यावर वाळूचे पाय धुवायला दारात नळ नाही. ओले कपडे वाळत घालायला दोरी नाही, चिमटे नाहीत. आम्ही चौघांचे कपडे शेवटी टीव्हीखालच्या टेबलाच्या कडेला लटकवले. टीव्ही, त्याचा डबा, तो टांगायची चौकट आणि दर महिन्याचं रिचार्ज यांवर जे पैसे जातात, त्यातल्या थोड्या पैशांत वेताच्या दोन खुर्च्या, एक दिवा, एक दोरी आणि एक नळ येतो. पण मग पाहुण्याला काय हवं याचा विचार करावा लागतो. टीव्ही टांगला की तो विचार संपतो. माझा राग यंत्रावर नाही, मालक. या विचार न करण्यावर आहे.

रात्रीचंही सांगते. तुमच्या दोन खोल्यांमधली भिंत चार इंची. शेजारच्या खोलीतल्या माणसाने साडेबारापर्यंत बातम्यांवरची चर्चा लावली होती. पाच जण एकाच वेळी ओरडत होते आणि ते पाचही जण आमच्या उशाशी बसल्यासारखे. लाटांचा आवाज ऐकायला आम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर आलो होतो. मी रिसेप्शनला फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, प्रत्येकाच्या खोलीत टीव्ही आहे. तुम्हीपण लावा.” हे उत्तर मी विसरलेले नाही.

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल की टीव्ही नसेल तर लोक खोली घेत नाहीत. कधीकाळी हे खरं होतं, आणि ते मी स्वतः बघितलंय. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. टीव्हीला रंग आला १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. रंगीत संच तेव्हा फार थोड्या घरांत होता. त्या काळात ‘कलर टीव्ही, गरम पाणी’ अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलवाल्याला दोष देता येणार नाही. घरी नसलेली गोष्ट तो देत होता. आज तोच टीव्ही पाहुण्याच्या घरी तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि दुसरा पडदा त्याच्या खिशात आहे. घरी आहे तेच, त्याहून लहान, आणि समुद्राच्या जागी!

१९८८ च्या मे महिन्यात आई-बाबांबरोबर मी महाबळेश्वरला गेले होते. त्या लॉजमध्ये एकच टीव्ही होता, खालच्या हॉलमध्ये. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायच्या वेळी सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. सतरंजीवर पाहुणे, दाराशी आचारी, खिडकीबाहेर घोडेवाले. तासाभराने टीव्ही बंद झाला आणि त्याच माणसांनी एकमेकांची चौकशी केली. कुठून आलात, आर्थर सीटला जाऊन आलात का, आमच्या गाडीत दोन जागा आहेत. नाशिकच्या एका कुटुंबाबरोबर आम्ही त्या दिवशी वेण्णा तलावावर गेलो. पुढे कितीतरी वर्षं आईची त्यांच्याशी पत्रं चालू होती. तो टीव्ही माणसांना खोलीबाहेर काढत होता. तुमचा टीव्ही त्यांना खोलीत कोंडतो.

माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना वाळूत चालवत नाही आणि संध्याकाळची मालिका त्यांना लागतेच. त्यांच्यासाठी टीव्ही हवा, हे मला मान्य आहे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ती खोलीत एकटीने बघितली, कारण आम्ही किनाऱ्यावर होतो. परत आलो तेव्हा त्या गप्प होत्या. दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या काकूंनी त्यांना हॉटेलामागच्या आपल्या घरी नेलं. त्या काकूही तीच मालिका बघतात. सासूबाई दीड तासाने आल्या त्या मालिकेतल्या सुनेला दोघींनी मिळून दिलेल्या शिव्या, काकूंच्या मुलीच्या लग्नाची हकीकत आणि पदराखाली आगळाची बाटली घेऊन. मालिका तीच, टीव्ही तर तुमच्यापेक्षा लहान. फरक शेजारी कोण बसलंय याचा होता.

“पण टीव्हीशिवाय धंदा चालेल का?” हा तुमचा शेवटचा प्रश्न असेल. तुमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. नाना फडणवीसांचं ते गाव. सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी २००६ साली तिथे कासव महोत्सव सुरू केला. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरांत राहतात. आम्हीही राहिलोय. झोपायला गाद्या, जेवायला पंगत, न्याहारीला घावन. टीव्ही होता तो घरच्यांच्या माजघरात, घरच्यांसाठी. पहाटे सगळे पाहुणे अंधारात किनाऱ्याकडे निघाले. टोपली उलटी केली, तळहाताएवढीही नसलेली पिल्लं लाटेकडे सरपटू लागली, आणि पन्नास-साठ माणसं श्वास रोखून उभी होती. त्या घरात आम्ही तीन दिवस होतो. आमच्यापैकी एकानेही रिमोट विचारला नाही.

तेव्हा मालक, माझी मागणी लिहून घ्या. खोल्यांतले टीव्ही काढा. ज्याला हवा त्याला जादा गादी देता तसा द्या, मागितल्यावर. खाली हॉलमध्ये एक चांगला मोठा लावा, समोर सतरंज्या टाका. क्रिकेटची फायनल असेल त्या दिवशी तुमचं हॉटेल दणाणून जाईल, आणि चहा-भजी विकली जातील ती वेगळी. दारात नळ, बाल्कनीत खुर्च्या, उशाशी दिवा. जमलं तर भिंतीवर एक कागद लावा. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव किती वाजता, किल्ल्यावर जायला होडी कुठून मिळते, भरती-ओहोटी केव्हा. तुमच्या खोलीत यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. चॅनेलांची यादी मात्र प्लास्टिकमध्ये घालून लावलेली होती.

एवढं सगळं आजच होणार नाही, हे कळतं. पण एक काम आज संध्याकाळीही होईल. पलंग फिरवा. आम्ही स्वतःच तो फिरवायला गेलो होतो, पण डोक्याकडची फळी तुम्ही भिंतीला स्क्रूने पक्की केली आहे, हलेना. म्हणून दुसऱ्या रात्री आम्ही उशा उचलून पायथ्याशी मांडल्या आणि पडदे पार बाजूला सारले. दिव्याची बटणं पायांशी गेली, टीव्ही डोक्यामागे गेला. पहाटे मुलीने मला हलवून उठवलं. किल्ल्याच्या बाजूने होड्या बंदराकडे येत होत्या, एकामागून एक, दिवे अजून लागलेले. ती पालथी पडून, हनुवटीखाली उशी घेऊन त्या मोजत होती. एकवीसपर्यंत आली होती. मला म्हणाली, “आई, बोलू नकोस, चुकेल.”

ती खिडकी तुमचीच आहे, मालक. चार स्क्रू काढायचे आहेत.

कळावे,

तुमच्याकडे दोन रात्री राहिलेली एक पाहुणी