दाखला

भाचीला वकील व्हायचंय हे कळलं तेव्हा आमच्या निपाणीच्या घरात कधी नव्हे ते एकमत झालं, आणि कुठल्या कॉलेजात एवढं विचारताच ते मोडलं. माझा भाऊ एका कागदावर फी आणि दुसऱ्यावर पगार मांडून बसला. वहिनीला वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं एवढंच कळायला हवं होतं. आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, म्हणणं, पुण्याचं आयएलएस. 1924 सालचं, आणि ज्याच्या नावानं अख्खा रस्ता ओळखला जातो ते कॉलेज शोधायला डोकं कशाला खर्ची घालायचं? पुणं नको असेल तर मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज. ते 1855 सालचं, आणि 1935 मध्ये तिथं खुद्द बाबासाहेब प्राचार्य झाले होते. यावर आमच्या घरात उलटतपासणी होत नाही.

भाचीचं मात्र ठरलेलं होतं. "आत्या, नुसतं लॉ स्कूल म्हटलं की तुमच्या नागरभावीचंच!" मी बंगळुरूत, नागरभावीजवळच्या विजयनगरात राहते, त्यामुळे तिथलं हे कायद्याचं विद्यापीठ मीच बांधून घेतल्याच्या थाटात ती माझ्याकडे चौकशा करायची. माधव मेनन यांनी ते उभं केलं आणि 1988 मध्ये पहिली तुकडी आली, इतपत मला माहीत होतं. तोवर बहुतेक लोक आधी पदवी घेत, मग एलएलबी करत, तेही पुष्कळदा नोकरी सांभाळून. बारावीनंतर सलग पाच वर्षं फक्त कायद्यासाठी राहायचं, खटले वाचून वर्गात भांडायचं, ही तऱ्हा इथून देशभर गेली.

आप्पांना ती पटत नाही. चिकोडीच्या कोर्टात त्यांनी हयातभर वकिलाकडे कारकुनी केली. वकील बाररूममध्ये घडतो, वर्गात घडतो तो मास्तर, असं त्यांचं मत. मुलांना वकीलपत्र भरायला शिकवतात का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नाही. क्लॅट या प्रवेशपरीक्षेत 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात आणि कायदा आधी यायला हवा अशी अट नाही, हे ऐकून ते चकित झाले. "मग तपासतात तरी काय?" "उतारा वाचून कळतो का ते," भाची म्हणाली. "हे ब्येस हाय. आमच्या सायबांची बोंब तिथंच व्हती."

खरी गंमत पुढे झाली. नागरभावीत कर्नाटकच्या विद्यार्थ्यांसाठी 25 टक्के जागा आहेत. कर्नाटकात किमान दहा वर्षं शिकल्याचं सिद्ध करायचं. भाची पहिलीपासून बारावीपर्यंत निपाणीतच शिकली. दाखला मिळण्यात अडचण अशी काहीच नव्हती.

अडचण आप्पांची होती. निपाणी कर्नाटकात गेली म्हणून दर एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा माणूस. सीमावादावरच्या महाजन आयोगानं 1967 मध्ये बेळगाव कर्नाटकाकडे ठेवलं, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं, हे ते भाजीवाल्यालाही ऐकवतात. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा लावला, त्याचं कात्रण अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. आणि आता नात इतकी वर्षं कर्नाटकात वाढली याचा पुरावा गोळा करायचा! भाऊ घाबरतच त्यांच्याकडे गेला. आप्पांनी चष्मा पुसला, नियम दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "वस्तुस्थिती मान्य केली म्हणून हक्क सोडला असं होत न्हाई. 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणत्यात त्याला." दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन त्यांनी दाखल्यावर सही-शिक्का आणला. हेडमास्तरांना काय सांगितलं कोण जाणे.

मला तेव्हा वाटून गेलं, भाऊ, वहिनी, आप्पा, भाची, सगळे योग्य कॉलेज शोधत होते, आणि आयोगाचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं असतं तर आमच्या पोरीचा हा कोटाच गेला असता. पण हे आप्पांसमोर बोलायची माझी छाती नाही.

पहिल्या यादीत नागरभावी नाही, दुसरंच एक नाव आलं. मिळालेली जागा धरायची आणि वरच्या जागेची वाट बघायची, याला फ्लोट म्हणतात. "म्हंजे तारीख घेतली," आप्पा म्हणाले आणि निवांत झाले. तारखांची त्यांना सवय आहे. पुढच्या एका फेरीत नागरभावी लागलं.

सामान घेऊन सगळे आले तेव्हा आप्पाही आले. वाचनालय, मेस, वसतिगृह, सगळं भराभर पाहून झालं. वहिनीला फाटकाची वेळ कळली. या विद्यापीठाचे कुलपती म्हणजे भारताचे सरन्यायाधीश, हे ऐकून मात्र आप्पा थबकले. दाव्यातल्या एका पक्षकाराच्या मुलखात येऊन आपण नातीला थेट न्यायाधीशाच्या घरी ठेवतोय, हे रीतीला धरून आहे का, असा पेच त्यांना पडला असावा.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा तिला फोन असतो. जेवलीस का, थंडी आहे का, आणि मग, दोन राज्यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात नेणारं ते 131 कलम शिकवलं का?

"अजून नाही आजोबा. ते पुढे आहे."

"असू दे, असू दे. आमचा दावा बी पुढंच हाय."