पोरगं वाढवलं कुणी, पैसे कुणाला?

शिळफाट्याला आमच्या मागच्या आळीतल्या पोराला प्रो कबड्डीच्या एका संघाने सरावाला बोलावलं, ही बातमी दूधवाल्याने आणली. त्याने ती शेजारच्या माईंना दिली, माईंनी कुंपणापाशी टाकळा निवडता निवडता मला, आणि संध्याकाळी ती खोपोली स्टेशनापर्यंत पोचली तेव्हा पोरगा सरावाला नव्हे तर थेट कर्णधार म्हणून गेला होता. शिळफाटा म्हणजे हा आमचा, खोपोलीतला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. कल्याणकडचा तो गाड्या तुंबवणारा शिळफाटा वेगळा. आमच्याकडे फक्त बातम्या सुटतात.

"किती मिळाले म्हणे?" माईंचा पहिला प्रश्न.

"अजून पै नाही मिळाली," नाना पडवीतून म्हणाले. "नुसतं बोलावलंय. बघणार, घोळवणार, पटला तर ठेवणार."

नाना म्हणजे माईंचे यजमान. जन्म मुस्कोच्या पोलाद कारखान्यात गेला, पण तरुणपणी गावच्या मंडळाकडून डावा कोपरा सांभाळायचे. अजून गुडघा दुखला की तो कुठल्या सालच्या पकडीत गेला ते सांगतात. साल दर वेळी नवं असतं.

"मुस्को महिंद्रांचीच ना हो नाना?" मी विचारलं. "मग कबड्डीची लीगही तुमच्याच मालकांनी काढली की."

"आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा, दोघांनी. 2014 चा जुलै. तेव्हा आठ संघ होते, आता बारा आहेत. तेव्हा आम्ही हसलो होतो हो वहिनी. म्हटलं, हुतुतू कोण टीव्हीवर बघतंय! आणि आता बघा, 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांवर नेला."

"तेच विचारतेय मी," माई म्हणाल्या. "एवढे देतात, तर ज्या मंडळाने पोरगा घडवला त्याला काय देतात?"

नानांनी बोटाने शून्य काढून दाखवलं.

आता मंडळ म्हणजे काय, हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगायला हवं. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, म्हणून समाजमंदिरात मॅट अंथरतात. मीटर बाय मीटरच्या लाद्या, कडांना दाते असलेल्या, एकमेकींत अडकवायच्या. आमच्या मंडळाचा संच दुसऱ्याकडून वापरलेला घेतलाय. काही लाद्यांचे कोपरे घुशींनी खाल्लेत, तिथे तपकिरी चिकटपट्टी लावलीय. रोज संध्याकाळी पोरं त्या लाद्या लावतात, ओल्या फडक्याने पुसतात, सराव झाला की पुन्हा सोडवून भिंतीला उभ्या करतात, कारण दुसऱ्या दिवशी तिथे कुणाचं तरी बारसं असतं. शिकवणारा दिवसा कंपनीत पाळीला जातो. पाळी बदलली की सरावाची वेळ बदलते. कुमार गटाला वजनाची मर्यादा 70 किलो, म्हणून जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी दोन दिवस पोरं पाणी जपून पितात आणि आया घरात तोंडाचा पट्टा सोडतात. हे सगळं दहा-दहा वर्षं चालतं तेव्हा एक पोरगा कुणाच्या तरी नजरेत भरतो.

"आणि भरला की मग बघा," नाना म्हणाले. "शाळेचे पीटीचे सर म्हणणार मी ओळखला. मंडळ म्हणणार आम्ही घडवला. मुंबईच्या ज्या संघाकडून दोन वर्षं खेळला ते म्हणणार, पॉलिश आमचं. सख्खा मामा म्हणणार, पहिले बूट माझे."

"बूट त्याच्या आईने घेतले," माई म्हणाल्या. "भिशीचे पैसे होते. मला माहितीय, भिशी माझ्याकडेच आहे."

हा मुद्दा मात्र कामाचा निघाला. फुटबॉलवाल्यांनी हे भांडण कधीचं मिटवलंय. फिफाच्या नियमात खेळाडूची बारा वर्षांपासून तेवीस वर्षांपर्यंतची नोंद असते, कुठल्या वर्षी कुठल्या क्लबात होता ती. पुढे त्याची करार चालू असताना बदली झाली आणि एका क्लबाने दुसऱ्याला रक्कम मोजली, की त्या रकमेतला 5 टक्के वाटा या जुन्या क्लबांत वर्षांच्या हिशेबाने वाटला जातो. शिवाय पोरगा पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा वाढवल्याची भरपाई वेगळी. मी हे नानांना सांगितलं तर त्यांनी लगेच तोंडी हिशेब केला.

"म्हणजे कोटीला पाच लाख. आणि अगदी खालच्या, ड गटातला धरला, पायाभूत किंमत 9 लाख, तर पंचेचाळीस हजार." ते गप्प झाले. पंचेचाळीस हजारांत काय काय येईल याची यादी त्यांच्या डोळ्यांपुढून सरकताना मला दिसत होती. गणवेशाचे दोन संच, गुडघ्याचे पट्टे, जिल्हा स्पर्धेला जायच्या गाडीचं भाडं, महिनाभराची अंडी.

"पण नाना, त्यात एक गोची आहे. फुटबॉलात पैसे क्लब क्लबाला देतो. आपल्याकडे लिलावातला आकडा म्हणजे पोराचं मानधन. त्यातून पाच टक्के काढले तर ते पोराच्याच खिशातून जाणार."

"मग नको!" माईंनी टाकळ्याची जुडीच आपटली. "पोरगा ढोपरं फोडून घेणार आणि त्याच्यातून मंडळाला द्यायचं? उद्या मंडळ म्हणेल, आमच्या गणपतीचा मांडवही यातूनच घाला."

माईंचं बरोबर आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. पोराने मंडळाचं ऋण फेडावं, असं भाषणात फार छान वाटतं. पण फेडायचं कुणी? तयार माल ज्याला मिळाला त्याने. संघाला एका हंगामासाठी 5 कोटींची खरेदी करायची मुभा असते. त्याच्यावर, पोराच्या आकड्याला हात न लावता, पहिल्या कराराच्या वेळी एक ठरावीक रक्कम मंडळाला द्यायला संघाचं काय जातं?

संघांना जपणं कळत नाही असं नाही. स्वतःपुरतं फार छान कळतं. 2017 पासून लीगने गावोगावची पोरं हेरायचा कार्यक्रम चालवला, नवे तरुण खेळाडू असा वेगळा गट केला. ही पोरं लिलावाबाहेरून घेता येतात आणि पुढच्या हंगामाला हातची ठेवताही येतात. लिलावात गेलेला आपला खेळाडू दुसऱ्याच्या शेवटच्या बोलीइतके पैसे टाकून परत घ्यायची सोयसुद्धा आहे. म्हणजे घडवणाऱ्याचा हक्क असतो हे तत्त्व लीगला मान्य आहे. फक्त घडवायला सुरुवात संघाने केली असं धरून चाललेत. त्याआधीची दहा वर्षं पोरगा जणू शेवग्याला लागला होता.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईचं बघा. 2018 ला यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला, पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना. एका हंगामात चौपट! तो वाढवला यू मुंबाने असं कुणी म्हणालं तर अर्धं खरं आहे. टीव्हीवर त्यांनी आणला. पण चढाईला जाताना पाय कुठे टाकायचा हे तो मुंबईत येऊन नाही शिकला.

"अमेरिकेत काय करतात विचारू का भाच्याला?" माई. त्यांचा भाचा न्यू जर्सीला असतो, बास्केटबॉलचं वेड आहे त्याला. विचारायची गरज नव्हती, दिवाळीत त्याने तासभर तेच ऐकवलं होतं. एनबीएवाल्यांनी 2001 पासून खालची एक लीगच काढलीय, पोरं मुरवायला. 2017 पासून असे करार आहेत की पोरगा दोन्हीकडे खेळतो. लोणचं मुरेपर्यंत बरणीचं भाडं मालक भरतो, असं समजा.

"बरोबर तेच आमच्या वेळी होतं," नाना एकदम खुलले. "एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, रेल्वे, पोलीस. लिलाव नव्हता, नोकरी होती. महाराष्ट्राकडून खेळलास की ऑफिसचा संघ तुला उचलणार. बारा महिने पगार, बारा महिने सराव. मोडलास तरी टेबलावर बसवणार. आणि तो माणूस शिमग्याला गावी यायचा, मंडळात पोरांना पकडी दाखवायचा. एखाद्याला पुढे चिकटवायचा पण."

हे मला पटलं, कारण यात लीगचं खरं दुखणं आहे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. 2025 चा ऑगस्टअखेर सुरू झाला, ऑक्टोबरअखेर संपला. वरचे पोसले जातात. पण बाकावर बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा उरलेले नऊ महिने काय करतो? परत येतो, कंत्राटी कामाला लागतो, संध्याकाळी त्याच घुशीने खाल्लेल्या मॅटवर सराव करतो. म्हणजे संघाचा खेळाडू नऊ महिने सांभाळायचा मंडळानेच, अंडी मंडळाची, मोडला तर दवाखाना घरचा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याच्या आशेवर प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली घरं आमच्या आळीत कितीतरी आहेत.

"देतील हो पैसे," माई म्हणाल्या, "पण देणार कुणाच्या हातात? गेल्या वर्षीच्या सामन्यांचा हिशेब दाखवला का कुणी?"

यावर नाना खोकले. दुखऱ्या जागी बोट होतं. आमच्याकडच्या स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहेत. कुणा ना कुणा नेत्याच्या नावाचा चषक, प्रकाशझोत, स्टेजवर मान्यवरांची दाटी, मालिकावीराला मोटारसायकल. मान्यवरांचे सत्कार संपता संपता रात्रीचे बारा वाजतात आणि उपांत्य सामना डोळे चोळत खेळावा लागतो. एवढा पैसा येतो आणि दुसऱ्या दिवशी मॅटला चिकटपट्टी विकत घ्यायची तर पोरं दहा-दहा रुपये काढतात. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण हिशेबाची वही कुठे आहे ते विचारलं तर माजी खजिनदाराकडे, आणि माजी खजिनदार सध्या आजी अध्यक्षांशी बोलत नाहीत.

"म्हणून द्यायचेच नाहीत?" नाना जरा तापले. "वही नीट करायला लावा की! नोंदणी दाखवा, खातं दाखवा, पोरगा कुठल्या सालापासून आमच्याकडून खेळतो ते जिल्हा संघटनेच्या कागदावर दाखवा, मग घ्या. पैसे येणार म्हटल्यावर वही आपोआप सापडेल बघा."

ती सापडेल, यात मला शंका नाही.

"आणि पोरींचं काय?" माई अशा वेळी हमखास हा प्रश्न टाकतात, आणि नेमका टाकतात. 2016 ला बायकांची कबड्डी टीव्हीवर आणली होती, तीन संघ, आमची अभिलाषा म्हात्रे एकाची कर्णधार. एक हंगाम झाला आणि तो प्रकार मिटला. हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक आणलं बायकांनीही, पण पोरींसाठी प्रो कबड्डीसारखा लिलाव नाही, मग भरपाई कुणाकडून मागणार? माई म्हणतात, पोरांच्या संघाकडून जे येईल त्यातलं निम्मं मंडळाने पोरींच्या संघावर घालायचं, नाहीतर द्यायचंच नाही. नानांना हे पटलं की नाही कळलं नाही. ते पाण्याची मोटर बंद करायला गेले.

तेवढ्यात त्या पोराची आई रस्त्याने जाताना दिसली, खांद्यावर भाजीची पिशवी. माईंनी हाक मारली. काय गं, कळलं आम्हाला, पेढे कधी?

"पेढे कसले माई," ती म्हणाली. "जायच्या गाडीचं भाडं आपलंच, राहायचं काय ते तिथे गेल्यावर कळेल. आणि कंपनीतनं सुट्टी मिळेना, बिनपगारी टाकलीय."

ती गेल्यावर माई बराच वेळ पाला खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघणार ते, घोळवणार ते, आणि भाडं हिचं?"

तेव्हा माझं मत विचाराल तर असं. चाचणीला बोलावलं की येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज संघाने द्यावा. करार झाला की मंडळाच्या खात्यात ठरावीक रक्कम, पोराच्या मानधनाला धक्का न लावता. आणि ज्याला राखून ठेवलाय त्याला बारा महिने पोसा, नाहीतर मोकळा सोडा. पोराची गाडी सोमवारी पहाटेची आहे; भाड्यासाठी भिशीतून यंदाचा नंबर त्याच्या आईला आधी द्यायचं माईंनी ठरवलंय, आणि त्याला आमच्यापैकी कुणाची हरकत नाही.