शब्दालाही एफआरपी द्या!

आमचे मामा शिरोळ तालुक्यातले ऊसवाले. परवा कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या खोलीवर आले, तेव्हा मी एका वेबसाइटसाठी लेख पाडत बसलो होतो. मामांनी चप्पल काढता काढताच विचारलं, "टनाला किती पडतंय रं?"

"मामा, शब्दाला वीस पैसे."

मामांनी बोटांवर हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, होती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते, हे खरं. तरी एक टन ऊस म्हणजे माझे १७,७५० शब्द. "म्हंजे कादंबरी लिवायला लागंल की लेका," मामा हळहळले. ज्या गावात राहून खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, त्या गावात शब्दाचा भाव उसाच्या कांड्यावर मोजायची वेळ आली.

त्या दिवशीचा विषय होता 'कोल्हापुरातील १० सर्वोत्तम समुद्रकिनारे'. मी कंटेंट मॅनेजर मॅडमना कळवलं की कोल्हापूरला समुद्र नाही, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे. उत्तर आलं, "समुद्र नसेल, पण सर्च आहे." मग रंकाळ्याला पहिला नंबर दिला, पंचगंगा घाटाला दुसरा, कळंबा तलावाला तिसरा. उरलेले सात रत्नागिरी जिल्ह्यातून उसने आणले. लेख भारी चालला म्हणे. जोतिबाचं दर्शन घेऊन पोहायला निघालेले किती पर्यटक सध्या रंकाळ्यावर वाळू शोधत हिंडताहेत, कुणास ठाऊक.

"वजन तरी बरोबर धरत्यात का?" मामांचा पुढचा प्रश्न. काटामारी काय असते हे ऊसवाल्याला शिकवावं लागत नाही. पण आमचा काटा बघून मामाही गार झाले. शीर्षक मोजत नाहीत. उपशीर्षकं मोजत नाहीत. 'कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन' हा कीवर्ड लेखात १४ वेळा घालायचाच असतो. पण तो त्यांनी दिलेला, म्हणून ते ४२ शब्द वजा. बियाणं कारखान्याचं म्हणून ऊसही कारखान्याचा!

त्या चपलेची तर वेगळीच कथा. मी लेखात लिहिलं होतं की कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. मॅडमनी परिच्छेद कापला. "हे कुणी शोधत नाही." मग जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये तसल्याच चपला मिरवल्या आणि गावोगाव बोंब उठली. मॅडमना तोच परिच्छेद दोन तासांत हवा होता. मी पैशाचं विचारलं. म्हणाल्या, "तो तर तुम्ही आधीच लिहिलाय ना!"

गेल्या महिन्यात नवीन वजावट सुरू झाली. त्यांच्या तपासयंत्रानं निकाल दिला की माझा लेख ८७ टक्के यंत्रानं लिहिलेला आहे. लेख होता आमच्या आजीच्या हातच्या पांढऱ्या रश्श्यावर. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या मशीनला म्हणावं, ये आणि नारळ खवून दाखव." त्यावर मॅडमनी तोडगा काढला. आता लेख यंत्रच लिहील, मी फक्त दुरुस्त करायचा, शब्दाला पाच पैसे. पहिल्याच लेखात यंत्रानं तांबडा रस्सा गाजराचा केला होता. तो दुरुस्त करायला मूळ लेखापेक्षा जास्त वेळ लागला.

मामा म्हणाले, "मशीननं तोडलं की पाचटाची वजावट आमच्याकडं बी हाय. पण मशीननं तोडलं म्हणून उसाचा दर चौथाई होत न्हाई. बरं, बिल कवा निघतंय?"

"लेख प्रसिद्ध झाल्यावर ६० दिवसांनी."

"आन् प्रसिद्ध कवा हुतंय?"

"ते त्यांच्या मनावर."

मामा पाणी प्यायले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही बिलं थकतात, मग जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, शेतकरी नेते राजू शेट्टी दराची मागणी जाहीर करतात, वाहनं अडतात आणि कारखानदार बोलणीला बसतो. "तुमी काय अडवता?" मामांनी विचारलं.

आम्ही काय अडवणार? आमचा माल मोबाइलमधून जातो, त्याला ना ट्रॉली ना नाका. शिवाय ऊसवाले एका शिवारात राहतात. आम्ही आपापल्या खोलीत. मी वीस पैशाला नाही म्हटलं, की पलीकडच्या गल्लीतला पोरगा पंधराला तयार असतो. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. आम्हा दोघांना ओळखतात त्या फक्त मॅडम.

मामा गेल्यावर मी कायदा शोधला. सापडला! सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यालाही लागू होतो. 'उद्यम' नोंदणी असली, की ग्राहकानं ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करारात ६० लिहिले तरी ४५ च. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणीला एक पैसा लागत नाही. म्हणजे आमच्या वीस पैशांतही ती परवडते.

त्या कायद्यात तारीख आहे, दर मात्र नाही. तो आपल्यालाच धरावा लागणार. तेव्हा लिहित्या पोरापोरींनो, नोंदणी करा आणि पहिला शब्द लिहिण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: दर किती, शब्द कसे मोजणार, पैसे कोणत्या तारखेला. आणि पलीकडच्या गल्लीतल्या त्या पोराला एकदा चहाला बोलवा.