माझं शरीर, माझं माध्यम

परफॉर्मन्स आर्टिस्ट बाईंची एक जात ब्रुकलिनमध्ये उदंड पिकते. अंगात काळं, डोकं भादरलेलं आणि 'माझं शरीर हेच माझं माध्यम' हे वाक्य जेवणाआधीच्या श्लोकासारखं तोंडपाठ. २०१० साली परफॉर्मन्स आर्टिस्ट मरीना अब्रामोविच न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जवळजवळ तीन महिने रोज खुर्चीत गप्प बसली. तेव्हापासून या बाईंना नुसतं बसायलाही क्युरेटर लागतो.

अशाच एक बाई ॲरिझोनात एका नावाहो आदिवासी कुटुंबाकडे किनाल्डाला येतात. मुलगी वयात आली की करायचा हा चार दिवसांचा सोहळा. पहिली किनाल्डा 'बदलती स्त्री' या देवतेची झाली, अशी श्रद्धा. बाई कॅमेरा काढतात. मुलीची मावशी मक्याचे दाणे आणि दगडी पाटा पुढे सरकवते. "फोटो नाही. दळा."

पहाटे मुलगी पूर्वेकडे धावत सुटते, मागून सगळे. बाई रोज जॉगिंग करणाऱ्या; दुसऱ्याच वळणावर पुढे निघायच्या बेतात. कुणीतरी ओरडतं, "मुलीला मागे टाकलंत तर तिच्याआधी म्हातार्‍या व्हाल!" बाईंच्या पायांना असा ब्रेक याआधी कुठल्याच समीक्षकाने लावला नव्हता.

मग एक जाणती बाई मुलीला पांघरुणांवर आडवं करून तिचं अंग चोळते, घडवते. त्यानंतर लहान पोरं रांग लावतात; मुलीने मान धरून वर ओढलं की पोर उंच होतं म्हणे. रांगेच्या शेवटी बाईही उभ्या, पावणेसहा फूट.

शेवटची रात्र गाण्यांची. होगानात, म्हणजे नावाहोंच्या पारंपरिक घरात, बसलेल्या कुणीही डोळा मिटायचा नाही. बाहेर खड्ड्यात, मक्याच्या सालांच्या अस्तरात ओतलेला भलामोठा केक निखाऱ्याखाली भाजत असतो. अब्रामोविचच्या वारसदार दोनच्या सुमाराला पेंगतात. एक आजी कोपराने ढोसते. ती ऐंशीच्या घरातली, पाठ ताठ, आणि तिच्या बसण्याचं परीक्षण कुठेही छापून येत नाही.

सकाळी केक वाटतात. मुलगी स्वतः खात नाही. "चार दिवस राबून घासही नाही?" बाईंना हुंदका येतो; तो त्या वहीत टिपून ठेवतात.

ब्रुकलिनला परतल्यावर पत्रिका निघते : 'मका : एक देहानुभव. प्रेक्षकांनी शांत बसावे.' एक मावशीलाही जाते. ती वाचते, भाचीला देते आणि विचारते, "एवढी माणसं नुसती बसणार? मग दळणार कोण?"